इंदूरने घडविलेला मुसव्विर

राजा दीनदयाळ म्हटले की लोकांना निजामाचे हैदराबाद आठवते. आम्हां इंदूरकरांना मात्र सांगावेसे वाटते की, त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला तो आमच्या गावी. १८४४ साली मीरतजवळ सरधन्यास जन्मलेले दीनदयाळ रुडकीस शिकले आणि १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नकाशे काढू लागले. १८७४ च्या सुमारास हाती कॅमेरा आला. दुसरे तुकोजीराव होळकर व सर हेन्री डॅली यांनी हा छंद जोपासला. पुढे त्यांनी बांधलेली नोकरी सोडली. संसारी माणसाला हे धाडस लहान नव्हे.

त्यांच्या तसबिरींत मला नकाशेवाल्याची नजर दिसते. खांब ओळंब्यात, रेघ काटेकोर. चेहरा मात्र निवांत. १८९२ मध्ये हैदराबादेस त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका गोऱ्या बाईंच्या हाती सोपविला. घरंदाज कुटुंबांनी लेकीसुना तिथे पाठविल्या, यातच त्यांची पत कळते. १८९४ मध्ये सहाव्या निजामाने ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १९०५ मध्ये ते निवर्तले.

आपल्या माजघरात त्यांच्या नावाच्या पुठ्ठ्यावरची एखादी तसबीर असेल, तर वाचकहो, चौकट बदलताना तो पुठ्ठा टाकून देऊ नका.