लेखणीचे प्रायश्चित्त : माधवराव सप्रे

पाठपरिचय

साहित्य हे केवळ मनोरंजनाचे साधन नाही. परकीय सत्तेखालील देशात छापील शब्द लोकांना जागे करतो आणि म्हणूनच राज्यकर्त्यांना तो भयावह वाटतो. अशा काळात लेखकाची कसोटी लागते. छत्तीसगडात राहून हिंदी भाषेची सेवा करणाऱ्या एका मराठीभाषक संपादकाचे चरित्र प्रस्तुत पाठात दिले आहे.

मूळ पाठ

भिलाई, दुर्ग, रायपूर या नगरांत अनेक मराठी कुटुंबे राहतात. घरात मराठी आणि बाहेरच्या व्यवहारात हिंदी किंवा छत्तीसगढी, असा त्यांचा नित्यक्रम असतो. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहण्याच्या सुमारे अर्धशतक आधी याच भूमीत एका मराठी माणसाने या दोन भाषांमध्ये पूल बांधण्याचे कार्य आरंभिले होते. त्यांचे नाव माधवराव सप्रे.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यातल्या पथरिया या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. पुढे त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ही पदवी संपादन केली. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळत असे. परंतु माधवरावांनी तो मार्ग धरला नाही. पेंड्रा येथील राजकुमारास इंग्रजी शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले आणि वेतनातून शिल्लक टाकून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक होते, तर प्रकाशनाची जबाबदारी वामनराव लाखे यांनी उचलली होती. मातृभाषा मराठी असलेले हे तिघे हिंदी गद्याला वळण लावीत होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आर्थिक अडचणींमुळे १९०२ च्या अखेरीस हे मासिक बंद पडले. तथापि ग्रंथांच्या निर्भीड परीक्षणाची परंपरा हिंदीत रुजवण्याचे श्रेय त्याला दिले जाते.

याच मासिकात १९०१ साली माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. एका धनाढ्य जमीनदाराने गरीब विधवेची झोपडी बळकावलेली असते. चूल घालण्यासाठी टोपलीभर माती नेण्याची परवानगी ती मागते आणि टोपली उचलू लागण्याची जमीनदाराला विनंती करते. त्याला ती उचलवत नाही. एका टोपलीचे हे ओझे, तर सगळ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार, या तिच्या प्रश्नाने तो खजील होतो आणि झोपडी परत करतो. पश्चात्तापाची ही कथा लिहिणाऱ्या लेखकाच्या स्वतःच्या जीवनातही पुढे तसाच प्रसंग यावयाचा होता.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत म्हणून माधवरावांनी १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूर येथे क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बने दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. त्यानंतर सरकारने दडपशाही वाढवली. जून महिन्यात वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा नवा कायदा झाला. बॉम्बचा मार्ग समर्थनीय नसला, तरी त्यामागील असंतोषाचे मूळ सरकारच्या जुलमात आहे, असे मांडणाऱ्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये माधवरावांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक करण्यात आली.

कारावासापेक्षा कठीण परीक्षा घरातून आली. माफी मागून सुटका करून न घेतल्यास आपण जीव देऊ, असे थोरल्या बंधूंनी निर्वाणीचे सांगितले. एका बाजूस देशकार्य आणि दुसऱ्या बाजूस पितृतुल्य बंधूचे प्राण, अशा पेचात माधवराव सापडले. अखेर त्यांनी माफीपत्रावर स्वाक्षरी केली आणि सुमारे तीन महिन्यांनी ते मुक्त झाले. परंतु मनाला ती मुक्ती लाभली नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना आपण घरी आहोत, ही टोचणी त्यांना अस्वस्थ करू लागली.

त्यांनी या कृतीचे समर्थन केले नाही. सार्वजनिक जीवनातून ते बाजूला झाले, रामदासी पंथाच्या सान्निध्यात मधुकरी मागून राहिले आणि समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’चे वारंवार पारायण करीत राहिले. या चिंतनातून ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद सिद्ध झाला. टिळकांनी मंडालेत लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचाही हिंदी अनुवाद माधवरावांनीच केला. चिंतामणराव वैद्य यांचा महाभारतविषयक ग्रंथही त्यांनी हिंदीत आणला. ज्या लेखणीला सत्तेने नमवले होते, तीच लेखणी आता मराठीतील विचारधन उत्तर भारतात नेत होती. बरेचसे लेखन त्यांनी टोपणनावाने केले. कीर्तीची अपेक्षा त्यांना उरली नव्हती.

रायपुरात त्यांनी मुलींसाठी पाठशाळा काढली. त्यांच्याच प्रेरणेने १९२० साली जबलपूर येथून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्याचे संपादकपद माखनलाल चतुर्वेदी यांनी भूषविले. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना लाभले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. भोपाळ येथील वृत्तपत्र संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

माणूस दडपणाखाली वाकू शकतो. वाकल्यानंतर तो काय करतो, यावरून त्याची खरी योग्यता ठरते. माधवरावांनी आपल्या चुकीचे उत्तर शब्दांनी दिले नाही, अठरा वर्षांच्या अबोल परिश्रमांनी दिले.

विचार करा

१. ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेतील जमीनदार आणि माधवराव यांच्या पश्चात्तापांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?

२. माधवरावांच्या जागी आपण असता तर कोणता निर्णय घेतला असता? सकारण लिहा.

३. आपल्या घरातील व परिसरातील भाषांमध्ये आपण पूल कसा बांधू शकाल?