सजीवांच्या सीमेवरचा संशोधक : जगदीशचंद्र बोस

दगड निर्जीव आणि मांजर सजीव, हे बालवाडीतले मूलही सांगते. दगडाऐवजी लोखंडाचा खिळा आणि मांजराऐवजी आंब्याचे रोप घेतले तरी उत्तर चुकत नाही. पण कशावरून, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. मांजर हालते म्हणून सजीव म्हणावे, तर आंबा जागचा हालत नाही. आंबा वाढतो म्हणून सजीव म्हणावे, तर मिठाच्या दाट पाण्यात दोरा टांगून ठेवला की त्याच्यावर मिठाचा खडाही दिवसेंदिवस वाढतो. श्वास घेतो तो सजीव म्हणावे, तर समईची ज्योतही हवेतला ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि वर भांडे झाकले की विझते.

या ‘कशावरून’चा पाठपुरावा करण्यात ज्यांनी आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे घालवली, त्या आचार्य जगदीशचंद्र बोस यांचा ३० नोव्हेंबर हा जन्मदिवस. त्या निमित्ताने त्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

आरंभीच एक गैरसमज दूर करू. वनस्पतींना जीव असतो हा शोध बोस यांनी लावला, असे वाक्य उत्तरपत्रिकांतून आणि वक्तृत्व स्पर्धांतून आम्हाला वारंवार भेटते. ते बरोबर नाही. रोप रुजते, वाढते, फळते आणि एक दिवस वठते, हे शेतकऱ्याला हजारो वर्षे ठाऊक आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल यानेही वनस्पतींची गणना सजीवांतच केली होती. बोस यांचे खरे काम याहून वेगळे आहे, आणि आमच्या मते ते याहून मोठे आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म १८५८ साली आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. बंगालीत त्यांचे आडनाव बसू असे उच्चारतात. वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी अशा हुद्द्यावरच्या माणसाचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणे हे प्रतिष्ठेचे मानले जाई. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. परकी भाषा शिकण्याआधी मुलाला स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसे कळली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा बसत असे. त्यांच्याकडून ऐकलेल्या पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनीच आपल्याला निसर्गाच्या कामकाजाची ओढ लागली, असे बोस पुढे आवर्जून सांगत. मातृभाषेच्या शाळेत मूल घालणाऱ्या पालकांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों या शिक्षकांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. १८८० मध्ये ते वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. पण वारंवार येणाऱ्या तापामुळे आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील वास सहन न झाल्यामुळे त्यांना ते शिक्षण सोडावे लागले. मग केंब्रिजला जाऊन त्यांनी विज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ त्यांना शिकवायला होते.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळत असे, आणि नेमणूक तात्पुरती म्हणून बोस यांच्या वाट्याला त्याच्याही निम्माच आला. त्यांनी भांडण केले नाही, आणि तो पगारही स्वीकारला नाही. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते, तरी तीन वर्षे त्यांनी विनावेतन शिकवले. अखेर त्यांना पूर्ण पगार मागील थकबाकीसह मिळाला, आणि तो पैसा वडिलांच्या कर्जफेडीला गेला. या ओढाताणीच्या काळातच, १८८७ मध्ये, त्यांचा अबला दास यांच्याशी विवाह झाला. पुढे बंगालमध्ये स्त्रीशिक्षणाचे मोठे काम त्याच अबलाबाईंनी उभारले.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहाला लागून असलेल्या एका चिंचोळ्या जागेत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून, बोस यांनी विद्युतलहरींची उपकरणे बनवली. जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या त्या लहरी होत्या. १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून दाखवला : या लहरी भिंतीतून आरपार गेल्या आणि पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. बिनतारी संदेशवहनाच्या पायाभरणीत या कामाला मानाचे स्थान आहे.

भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक झाडांकडे वळला कसा, हे आता पाहू.

लहरी टिपण्यासाठी बोस धातूचे ग्राहक वापरत. १८९९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की सतत वापरल्यावर हे ग्राहक मंदावतात आणि काही वेळ तसेच ठेवले की पुन्हा पहिल्यासारखे काम करू लागतात. आपला हात भरून येतो आणि विश्रांतीनंतर हलका होतो, त्यातलाच हा प्रकार दिसत होता. त्यांनी कथलाची तार घेतली, तिला पीळ देऊन तीत उमटणारा विजेचा प्रवाह मोजला आणि आलेख काढले. तारेला सोडियम कार्बोनेटचे द्रावण दिले की प्रतिसाद वाढे, पोटॅशियम ब्रोमाइड दिले की मंद होई, आणि ऑक्झॅलिक आम्लाने तो थांबे; जणू एक औषध उत्तेजक, दुसरे गुंगीचे आणि तिसरे विष! मग त्यांनी गाजर, मुळा, पानांचे देठ अशा साध्या भाज्यांवर तेच प्रयोग केले. त्यांनीही विजेचा प्रतिसाद दिला. क्लोरोफॉर्मने तो मंदावला, आणि कढत पाण्याने वनस्पती मारली की नाहीसा झाला. प्राण्याच्या स्नायूचा आलेख, देठाचा आलेख आणि धातूचा आलेख शेजारी शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत इतके ते सारखे होते.

यावरून बोस यांनी धाडसी निष्कर्ष काढला. प्राणी आणि वनस्पती यांच्यामध्ये, तसेच सजीव आणि निर्जीव यांच्यामध्ये, आपण समजतो तशी भिंत नाहीच, असे ते म्हणू लागले. १९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आणि १९०१ मध्ये लंडनमध्ये त्यांनी हे मांडले. लंडनच्या रॉयल सोसायटीत ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञ सर जॉन बर्डन-सँडरसन यांनी त्यांना विरोध केला. किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या वनस्पतीतील विजेचा प्रतिसाद १८७३ मध्ये स्वतः सँडरसन यांनीच शोधला होता. पण साध्यासुध्या वनस्पतीतही तो असतो हे त्यांना मान्य नव्हते. बोस यांनी निबंधाच्या नावातला ‘प्रतिसाद’ हा शब्द काढून तेथे ‘भौतिक प्रतिक्रिया’ असे घालावे, असे त्यांनी सुचवले. बोस यांनी एक शब्दही बदलला नाही, आणि सोसायटीने निबंध छापला नाही. १९०२ मध्ये त्यांनी आपले सारे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांच्या ग्रंथलेखनात भगिनी निवेदिता यांचे मोठे साहाय्य होते.

या वादात बरोबर कोण होते? आज शंभरहून अधिक वर्षांनी याचे उत्तर देता येते, आणि ते दोन भागांत द्यावे लागते.

धातूच्या बाबतीत बोस यांचे मोजमाप खोटे नव्हते, पण निष्कर्ष टिकला नाही. धातूच्या पृष्ठभागावर होणारे भौतिक व रासायनिक बदल स्नायूसारखा आलेख काढू शकतात, म्हणून धातू सजीव ठरत नाही. थकलेली तार स्वतःची झीज स्वतः भरून काढण्यासाठी अन्न घेत नाही, आणि तिच्यापासून दुसरी तार जन्मत नाही. केवळ प्रतिसाद ही सजीवाची पुरेशी खूण नव्हे. पेशींची रचना, अन्नापासून ऊर्जा मिळवून शरीर घडवणारे चयापचय, आतून होणारी वाढ, आणि आपले गुण पुढच्या पिढीला देणारे पुनरुत्पादन, अशी सारी लक्षणे एकत्र पाहावी लागतात. मिठाचा खडा वाढतो तो बाहेरून थर चढून, आणि ज्योतीला पेशी नसतात. खडा काय, ज्योत काय, या कसोटीवर दोघांचाही निकाल लागतो.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र बोस काळाच्या पुढे होते. लाजाळूच्या पानाला स्पर्श केला की देठातून विजेचा संदेश जातो, पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींतून पाणी बाहेर पडते आणि पान मिटते, हे आज सर्वमान्य आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असे टिपले, की सुरवंटाने एक पान कुरतडताच कॅल्शियमचा संदेश लाटेसारखा दूरच्या पानांपर्यंत पोहोचतो. झाडाला मज्जातंतू नाहीत आणि मेंदूही नाही, म्हणून त्याला आपल्यासारखे दुःख होते असे म्हणण्यास आधार नाही. पण त्याच्या शरीरात निरोप मात्र फिरतात.

निरोप दोघांकडेही फिरत असतील, तर वनस्पती आणि प्राणी यांत फरक कोणता? मुख्य फरक अन्नाचा आहे. हिरवी वनस्पती सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून स्वतःचे अन्न स्वतः बनवते. प्राण्याला ते दुसऱ्या सजीवाकडून घ्यावे लागते. अन्नाच्या शोधात फिरायचे म्हणून प्राण्याला स्नायू आणि मज्जातंतू लागले. एका जागी उभे राहायचे म्हणून वनस्पतीच्या पेशींना सेल्युलोजची भक्कम भिंत आली. किडे पकडणाऱ्या दवबिंदूसारख्या किंवा दुसऱ्या झाडावर जगणाऱ्या अमरवेलीसारख्या वनस्पती हे अपवाद आहेत, आणि भूछत्रे तर या दोन्ही वर्गांत बसत नाहीत.

१९१५ मध्ये निवृत्त झाल्यावर बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था स्थापन केली. आज ती बोस इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. त्यांनी बनवलेला क्रेस्कोग्राफ झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी, त्यामुळे डोळ्यांना कधीच न दिसणारी वाढ समोर दिसू लागे. काहींनी त्यावर शंका घेतली, तेव्हा १९२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मान्यवर शास्त्रज्ञांसमोर या यंत्राची परीक्षा झाली आणि ते तीत उतरले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने, ज्या संस्थेने त्यांचा निबंध छापला नव्हता तिनेच, त्यांना आपले सभासदत्व दिले. तरीही त्यांची सर्वच मते पुढे टिकली नाहीत. झाडात पाणी वर चढते ते आतील पेशींच्या स्पंदनामुळे, असे ते मानत. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाची ओढ हे त्याचे मुख्य कारण आहे, हे आज मान्य झाले आहे.

१९३५ मध्ये वेंडेल स्टॅनले या अमेरिकन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक तयार केले. बाटलीत मिठासारखा पडून राहणारा हा पदार्थ जिवंत पानात गेला की स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेतो. सजीव आणि निर्जीव यांच्या सीमेवर अशी संदिग्ध जागा आहेच. फक्त ती बोस यांनी शोधली तेथे, धातूच्या तारेत, नव्हती. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्र निवर्तले.

थोर माणसाचे सगळेच म्हणणे खरे ठरावे लागत नाही. बोस यांचे मोजमाप नेमके होते, म्हणूनच पुढच्यांना त्यांचे बरोबर काय आणि चूक काय, हे ठरवता आले. विद्यार्थी मित्रांनो, पावसाळ्यात शेताच्या बांधावर लाजाळू उगवते. घड्याळ आणि वही घेऊन तिच्याजवळ बसा. पान मिटायला किती सेकंद लागतात आणि पुन्हा उघडायला किती मिनिटे, ते लिहा. मग पान उघडले की पुन्हा स्पर्श करा, असे अनेकदा करा, आणि प्रत्येक वेळचा आकडा त्याच्याखाली मांडत जा. आकड्यांत काही फरक दिसतो का, आणि दिसला तर तो कशावरून, हे वर्गात आम्हाला सांगा.