जगाचा एक नकाशा : आल्ब्रेख्त पेंक

नकाशा बघताना आपण आधी कोपऱ्यातलं प्रमाण बघतो ना? पूर्वी दर देशाचं प्रमाण निराळं असे. इंग्रज मैलात मोजीत, फ्रेंच किलोमीटरमध्ये. शून्य रेखावृत्त इंग्रजांचे ग्रीनिचला, तर फ्रेंचांचे पॅरिसला! मग नकाशे जुळायचे कसे?

पेंक यांचा जन्म १८५८ साली जर्मनीत लाइपझिगजवळ झाला. पुढे ते व्हिएन्नाला भूगोलाचे प्राध्यापक झाले. हिमनद्यांचा त्यांचा अभ्यास मोठा. १८९१ साली बर्न येथील भूगोल परिषदेत त्यांनी सुचविले की, सर्व देशांनी मिळून जगाचा एकच नकाशा करावा. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर. कल्पना आवडली, पण आपली रीत सोडणार कोण? अठरा वर्षे अशीच गेली. १९०९ साली लंडनच्या बैठकीत तोड निघाली. इंग्रजांनी मीटर मानला, फ्रेंचांनी ग्रीनिच. गावाचं नाव ज्या त्या देशानं ठरवलेलं, लिपी मात्र रोमन. आपले पुणे, सातारा या नकाशाच्या 'एनई ४३' चौकटीत येतात, बरं का!

१९१४ साली पेंक परिषदेसाठी ऑस्ट्रेलियाला गेले होते. तेवढ्यात महायुद्ध पेटले. परतताना इंग्रजांनी संशयावरून त्यांना लंडनला अडकवून ठेवले. ज्यांच्याशी जमवून नकाशा करायचा, त्यांनीच धरलं! पुढे पेंक स्वतःही कडवे देशाभिमानी झाले, हेही सांगायला हवे.

१९४५ साली प्राग येथे ते वारले. नकाशाचे काम १९५३ साली संयुक्त राष्ट्रांकडे गेले आणि १९८० नंतर बंद पडले. सगळे तक्ते काही झाले नाहीत.