डोंगरातल्या राजधानीतून आरमार: शिवाजी महाराजांच्या नौका पाण्यात कशा टिकल्या?

वेल्ह्याच्या परिसरात (आताचा राजगड तालुका) जिकडे पाहावं तिकडे सह्याद्रीचे डोंगर दिसतात. समुद्र घाटाखाली, कोकणाच्या पलीकडे. तरीही मराठ्यांचं आरमार उभं राहिलं तेव्हा शिवाजी महाराजांची राजधानी इथेच, राजगडावर होती. हे कसं घडलं?

भोर-वेल्ह्यातून कोकणात

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांची सुरुवातीची कारकीर्द याच भागात घडली. त्यांनी स्वराज्याची शपथ भोरमधल्या रायरेश्वरावर घेतली, असं परंपरा सांगते. पुढे वेल्ह्यातला तोरणा ताब्यात आला आणि जवळच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला गेला.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि खाडीचा किनारा मिळाला. पण समुद्रावर सत्ता दुसऱ्यांची होती. पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय व्यापारी जहाजं फिरू शकत नव्हती आणि जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरच्या गावांना त्रास देत होता. जमीन जिंकून ही रयत सुरक्षित होणार नव्हती.

कारागीर निघून गेले, काम थांबलं नाही

१६५९ मध्ये कल्याण-भिवंडीच्या बाजूला २० युद्धनौका बांधायला घेतल्या. हे काम रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव यांच्याकडे होतं. त्यांच्या हाताखाली सुमारे ३४० माणसं होती. या नौका उद्या आपल्यावरच चालून येतील, अशी धास्ती पोर्तुगीज अधिकाऱ्यांना वाटली. त्यांनी कारागिरांना परत बोलावलं आणि ते महाराजांचं काम सोडून मुंबईकडे निघून गेले. तरीही आरमार वाढतच राहिलं.

फटीतून पाणी येऊ नये म्हणून

लाकडी नौकेचा जीव तिच्या जोडांत असतो. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर सागवानी फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून बसवत आणि वरून तेलात उकळलेली राळ लावत. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून तळाला चुना आणि तेलाचा लेप देत. पाण्यात फळ्या फुगतात, उन्हात आकसतात, त्यामुळे हा लेप तडकतो. म्हणून पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून पुन्हा लेप द्यावा लागे.

आज भाटघरच्या पाण्यात उतरवायला कुणी घरी लाकडी कयाक बांधली, तर राळेची जागा इपॉक्सी घेते. यात रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळतात. त्यांची रासायनिक क्रिया होऊन घट्ट थर तयार होतो आणि तो राळेसारखा तापवून पुन्हा वितळवता येत नाही. आतून-बाहेरून काचेचं कापड आणि इपॉक्सी बसली की पातळ पट्ट्यांची हलकी नावही भक्कम होते. मात्र प्रमाण चुकलं तर थर चिकट राहतो. भोर-वेल्ह्याच्या पावसाळी, दमट हवेत त्यावर मेणचट पापुद्रा येऊ शकतो. तो धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून वरून व्हार्निश लागतं. काम करताना हातमोजे आणि खेळती हवा हवीच. लाकूड कोरडं असावं, हा नियम मात्र राळेच्या काळापासून तोच आहे.

लहान नौकांचा मोठा पल्ला

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः ८५ लहान आणि ३ मोठ्या जहाजांसह बसरूरच्या मोहिमेवर गेले. पुढे राजधानी राजगडावरून रायगडावर गेली आणि ६ जून १६७४ रोजी तिथे राज्याभिषेक झाला.

१६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची रसद तोडायचा प्रयत्न केला. त्यांची जहाजं मोठी आणि तोफांनी सज्ज होती. मराठ्यांच्या नौका लहान, पण उथळ पाण्यातून वेगाने निसटणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या बेटावर माणसं आणि सामान पोहोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. अखेर इंग्रजांना तह करावा लागला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

त्यानंतर काही महिन्यांतच, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचं रायगडावर निधन झालं. कारागीर निघून गेल्यावर वीस वर्षांनीही त्यांचं आरमार इंग्रजांच्या जहाजांना पुरून उरलं होतं.