वर्गणी आणि अण्णासाहेब कर्वे

भगिनींनो, मंडळाची वर्गणी मागायला निघाले की उंबऱ्याशी पाऊल अडते, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे. अशा वेळी मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात.

1858 साली जन्मलेल्या अण्णांचे बालपण कोकणात मुरूडला गरिबीत गेले. मिळवते झाल्यावर त्यांनी मुरूड फंड काढला. ज्याने त्याने आपल्या मिळकतीतला अल्पसा वाटा गावासाठी द्यावा, अशी त्याची रीत. 1896 साली विधवांसाठी आश्रम काढताना त्यांनी आधी स्वतःच्या शिलकीतले 1000 रुपये घातले, मगच लोकांपुढे हात पसरला. 1900 साली आश्रम हिंगण्यास गेला. फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे तास संपवून अण्णा पुण्याहून तेथे पायी जात व मुलींना शिकवीत.

त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. आश्रमात शिकून त्याच पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणीला फिरल्या. जिच्यासाठी संस्था, तिच्याच हाती काम सोपविले, म्हणून माणसे टिकली, असे मला वाटते.

1916 साली महिला विद्यापीठ निघाले. सर विठ्ठलदास ठाकरसींचे 15 लाख आले ते 1920 साली. तोवरचा संसार बहुतांशी लहान देणग्यांवरच चालला. वयाच्या 78 व्या वर्षीही, 1936 साली, अण्णा खेड्यांतील शाळांसाठी पुन्हा वर्गणीला निघाले! 1958 साली भारतरत्न मिळाले, 1962 साली ते गेले.

मोठा दाता येईल तेव्हा येवो. तोवर प्रत्येकीने आपली वर्गणी वेळेवर द्यावी आणि मंडळाचे एक तरी काम अंगावर घ्यावे, एवढीच विनंती.