गंगामूळ ते केडगाव : पंडिता रमाबाईंचा प्रवास

उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूहून पुण्या-मुंबईला जाणारे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. दौंड सोडले की थोड्याच वेळात केडगाव हे लहानसे स्टेशन मागे पडते. त्या वेळी बहुतेक जण बॅगा आवरण्यात गुंतलेले असतात. पण याच गावी पंडिता रमाबाईंनी हजारो निराधार स्त्रियांना आसरा दिला आणि इथेच देह ठेवला. त्यांचा जन्म मात्र आपल्या कर्नाटकातला, ही गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळ भागातले चित्पावन ब्राह्मण. शिक्षणासाठी ते पुण्यात होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवीत. ते पाहून आपल्या पत्नीलाही शिकवावे, असे त्यांनी ठरवले. गावी परतल्यावर नातेवाईक आणि शेजारीपाजारी संतापले. पुढे धर्मपीठाने त्यांना उडुपीला बोलावून जाब विचारला. शास्त्रीबुवांनी माफी मागितली नाही आणि नव्या काळाची सबबही सांगितली नाही. त्यांनी ग्रंथ उघडून आधार दाखवले. स्त्रीने संस्कृत शिकू नये ही लोकांची रीत आहे, देवाची आज्ञा नव्हे, हे त्यांनी पंडितांच्या सभेत मांडले. सभेला त्यांना बहिष्कृत करता आले नाही.

तरीही लोकांचा त्रास नको म्हणून ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांच्या उगमाशी, गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्या विद्यार्थ्याला आणि यात्रेकरूला जेवू घालणे हा गृहस्थाचा धर्म, म्हणून शास्त्रीबुवांचे घर सर्वांना उघडे होते. त्यात पैसा संपला आणि कर्ज झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटीत घालून, मजुराच्या डोक्यावर देऊन हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुढची अनेक वर्षे त्यांना घर असे नव्हतेच. देवळात पुराण सांगायचे आणि श्रोते ठेवतील त्यावर राहायचे. आईने त्या भटकंतीतच रमाबाईंकडून भागवत पाठ करून घेतले.

शास्त्रीबुवांची श्रद्धा पक्की होती. हाती असलेले धन त्यांनी तीर्थक्षेत्री दानधर्मात आणि अनुष्ठानात घातले. देव आपला योगक्षेम चालवील, ब्राह्मणाने मजुरी करू नये, मुलांनी इंग्रजी शिकून पोट भरू नये, असे ते मानीत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने गेले, भांडी गेली, शेवटचे तांदूळही संपले. तिरुपतीच्या रानात या कुटुंबाने पाला आणि पाण्यावर दिवस काढले. त्याच वर्षी आधी वडील, मग काही आठवड्यांत आई गेली. नंतर मोठी बहीणही गेली. मरताना वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाच्या हवाली केले आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्याचे बजावले. रमाबाईंनी ती आज्ञा कधीच टाकली नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला इथेच सापडते.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांच्या कर्तव्यावर व्याख्याने द्यावीत, असे त्यांना सांगण्यात आले. तयारीसाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. ग्रंथांचे एकमेकांशी पटत नाही, मात्र स्त्री आणि शूद्र यांना खालचे ठरवण्यात सगळ्यांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती दिली. स्त्रीला वेदाधिकार नाही हे ऐकून वाढलेल्या रमाबाईंनी तीही वाचली.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्राला तो मोठा धक्का होता. आजही आपल्यातल्या अनेकांना ते रुचत नाही आणि तो सल मी इथे लपवीत नाही.

पण पुढची हकिगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ज्यांनी दीक्षा दिली, त्यांच्याशीही रमाबाईंचे लवकरच वाजले. वाँटेजच्या भगिनींचे म्हणणे, चर्चची शिकवण आहे ती मानावी. रमाबाई विचारीत, हे बायबलात कुठे लिहिले आहे? नसेल, तर ते माणसांचे मत झाले आणि माणसांच्या मतासाठी आपण घरदार सोडलेले नाही. हा प्रश्न त्यांच्या वडिलांनी उडुपीच्या सभेत विचारलेलाच होता. ग्रंथ बदलला होता, घराण्याची रीत बदलली नव्हती.

अमेरिकेत मदत उभी करून त्यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात धर्माबाबत तटस्थता ठेवण्याचे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. शब्द तटस्थतेचा होता. रमाबाईंचे उत्तर असे की, देवाची प्रार्थना दार लावून करणे त्यांना जमणार नाही. दार लावले असते तर संस्था सुखात चालली असती, हे त्यांनाही कळत होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली उपासमारीने मरत असल्याचे त्यांनी ऐकले. तिजोरीचा हिशेब मांडला असता तर एकही मुलगी आणता आली नसती. अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. तरी त्या गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. देवाने सांगितले आहे, तेव्हा तो पुरवील, एवढेच त्यांचे अंदाजपत्रक. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. शेती, विणकाम, छापखाना सारे स्त्रियाच चालवीत. तिरुपतीच्या रानातली भूक त्या विसरल्या नव्हत्या. म्हणूनच वडिलांची श्रद्धा घेताना हाताने काम न करण्याचा नियम त्यांनी टाकून दिला होता.

अखेरची वर्षे त्यांनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. खिळे जुळवणाऱ्याही सदनातल्याच स्त्रिया. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ते दुःख गिळून त्यांनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आमच्या रेल्वेत लाल सिग्नल दिसला की चालक पुढचा रस्ता मोकळा असेल का याचा तर्क लढवीत नाही, तो गाडी थांबवतो. नियमाचे पुस्तक आपल्या हुशारीपेक्षा मोठे मानावे लागते. रमाबाईंनी आयुष्याला हाच नियम लावला. पण पुस्तकात खरेच काय लिहिले आहे, हे त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावर सोडले नाही, स्वतः वाचले. आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो. पोथी कपाटात ठेवतो, लोक काय म्हणतील ते पाळतो आणि त्याला देवाची आज्ञा म्हणतो.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि आपल्या गजाननाने ते लिहून घेतले, ही कथा आपण मुलांना सांगतो. अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही, अशी व्यासांची अट होती आणि बाप्पाने ती मान्य केली. आज्ञा पाळावी, पण आधी समजून घ्यावी. रमाबाईंचा मार्ग आपला नसेल, पण ही अट त्यांनी पाळली. पुढच्या वेळी गाडी केडगाववरून जाईल, तेव्हा या कर्नाटकात जन्मलेल्या लेकीला मनोमन नमस्कार करावा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!