बटाट्याचे श्वसन आणि कमलाबाई

कपाशीचे पान दिवसा अन्न तयार करते. श्वसन मात्र अहोरात्र चालते. यवतमाळ जिल्ह्यातील शाळांत हा धडा शिकविताना कमला सोहोनी यांचे चरित्र अवश्य सांगावे. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. जाचक अटी पत्करून त्यांनी योग्यता सिद्ध केली. तेथील दार इतर स्त्रियांनाही खुले झाले. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना, श्वसनातील विकरांच्या साखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम-सी वनस्पतिपेशींतही असते, हे त्यांनी दाखविले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली; १९९८ साली त्या निवर्तल्या. प्रयोगशाळेला कुलूप लावून मुलींकडून नुसत्या व्याख्या घोकून घेणे, हा त्यांच्या झगड्याचा अवमानच होय.